चाकावर आठ आठवडे: प्रौढ नवशिक्यांसाठीच्या कुंभारकाम वर्गाचा अनुभव

तिसऱ्या आठवड्यात माझं पहिलं उभं राहिलेलं भांडं चाकावर होतं. साडेआठ सेंटिमीटर उंच, तोंड एका बाजूला किंचित कललेलं, पण हाताला पेल्यासारखं लागणारं. शिकवणाऱ्या ताईंनी येऊन पाहिलं, "छान झालंय" म्हणाल्या आणि माझ्या हातात तार दिली. "आता हे मधोमध उभं कापा." मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. त्या तिथेच थांबून राहिल्या. मी तार दोन्ही हातांत ताणून वरून खाली ओढली.

आत जे दिसलं ते बाहेरून कधीच कळलं नसतं. बुडाजवळ भिंत दीड सेंटिमीटर जाड, मधे जेमतेम चार मिलिमीटर, काठाशी पुन्हा फुगलेली. तळ एका बाजूला इतका पातळ की बोट दाबलं असतं तर आरपार गेलं असतं. ताई म्हणाल्या, "बुडाची माती तुम्ही उचलतच नाही, आणि मधे आलात की एकदम आवळता. पुढच्या गोळ्याला बुडाशी जरा जास्त थांबा." त्या दिवशी मी आणखी तीन गोळे चाकावर घेतले आणि तिन्ही कापले. चौथी भिंत खालपासून वरपर्यंत बऱ्यापैकी सारखी होती. तीसुद्धा मातीच्या बादलीत गेली आणि मला त्याचं काहीच वाटलं नाही.

हा वर्ग मला का आवडला, ते या कापण्यात सगळं आलं. इथे तुम्हाला भांडं घरी न्यायला देण्याची घाई कुणालाही नाही. तुमचे हात काय करतात ते तुम्हाला दिसावं, याची मात्र फार काळजी घेतली जाते.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे माझं मत कुठून येतंय ते कळेल. मी शिवणकाम करते, बावीस वर्षं. वय चव्वेचाळीस. दिवसभर मशीनवर वाकून बसल्यामुळे उजवं मनगट आणि कंबर दोन्ही कुरकुरतात. चाकावर बसायची इच्छा लहानपणापासून होती, पण मोठ्या माणसाला पहिल्यापासून शिकवणारं कुणी मिळत नव्हतं. दीड वर्षापूर्वी एका ठिकाणी दोन तासांच्या 'चाकाचा अनुभव' प्रकाराला गेले होते. तिथे शिकवणाऱ्या व्यक्तीने माझ्या हातांवर हात ठेवले, माती मध्यावर आणली, भोक पाडलं, भिंत उचलली, काठ गोल केला, आणि वीस मिनिटांत एक सुंदर वाडगा तयार झाला. महिनाभराने तो भाजून, निळा होऊन घरी आला. मी तो कपाटात मागे ठेवून दिला. त्यात माझं काहीच नव्हतं. लोक आनंदाने असे वाडगे घेऊन जातात आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण शिकायला गेलेल्या माणसाला शिकवलं नाही तर त्याच्या हातात रिकामपण उरतं. म्हणून या वेळी नाव देण्याआधी मी फोनवर एकच प्रश्न विचारला: "पहिल्या दिवशी भांडं होईल का?" पलीकडून उत्तर आलं, "नाही, बहुतेक नाही." मी तेव्हाच नाव दिलं.

वर्गाची रचना साधी आहे. आठ आठवडे, आठवड्यातून एक दिवस, अडीच तास. आठ चाकं आणि आठच माणसं, म्हणजे चाकासाठी रांग नाही. ही गोष्ट कुठेही नाव देण्याआधी नक्की विचारा. दोघांत एक चाक असेल तर तुमचा निम्मा वेळ दुसऱ्याकडे बघण्यात जातो, आणि हातांना त्या आठवड्यात जी सवय लागायला हवी ती लागत नाही. शिवाय आठवड्यातले आणखी तीन तास सरावासाठी चाक मोकळं मिळतं. तेव्हा शिकवायला कुणी नसतं, पण माझी खरी प्रगती या तीन तासांतच झाली.

पहिल्या दिवसाची सुरुवात माती मळण्यात गेली. मातीचा गोळा ओट्यावर ठेवून तळहातांनी पुढे ढकलायचा, थोडा फिरवायचा, परत ढकलायचा. कणीक मळण्यासारखं वाटतं, पण कणीक मळताना आपण पीठ दुमडत राहतो. इथे तसं दुमडलं की हवा आत अडकते. ढकलण्यात एक लय धरावी लागते, तेव्हा मातीला शंखासारखा वळसा पडतो आणि आतली हवा बाहेर निघते. मळल्यामुळे गोळा सगळीकडे सारखा मऊ होतो, हा दुसरा फायदा. गोळ्यात एक भाग कडक आणि एक मऊ राहिला तर चाकावर तो कडक भाग प्रत्येक फेऱ्याला बोटावर आपटतो आणि माती मध्यावर बसूच देत नाही. ताईंनी आमचे गोळे तारेने कापून आतली छिद्रं दाखवली. कापून बघण्याची ही सवय त्यांनी पहिल्या दिवसापासून लावली.

तेव्हाच एक गैरसमजही दूर झाला. हवेच्या बुडबुड्यामुळे भांडं भट्टीत फुटतं, असं मी ऐकलं होतं. ताई म्हणाल्या, फोडते ती वाफ. भांडं वरून कोरडं दिसतं, पण जाड भागात पाणी राहिलेलं असतं. तापमान शंभर अंशांच्या पुढे गेलं की त्याची वाफ होते, बाहेर पडायला जागा मिळत नाही आणि भांड्याचे तुकडे होतात. म्हणून भांडं वाळवण्यात आणि भट्टी सुरुवातीला हळू तापवण्यात घाई करायची नाही. पुढे हे मी प्रत्यक्षच पाहिलं, ते खाली येईल.

आता सेंटरिंग. मराठीत आम्ही 'माती मध्यावर बसवणं' म्हणायचो, पण वर्गात सगळ्यांच्या तोंडी सेंटरिंग हाच शब्द. या एका गोष्टीवर ताईंनी जवळजवळ दोन आठवडे दिले आणि काही जणांची त्यावर नाराजी होती. माझं मत विचाराल तर पूर्ण वर्गातले हेच सर्वात मोलाचे तास.

गोळा चाकाच्या तबकडीवर आपटून चिकटवायचा. चाक वेगाने फिरवायचं. माती डगमगते, आणि पाहणाऱ्याला वाटतं की हातांनी तिला ढकलून मधे आणायचं आहे. तसं केलं की हातच मातीबरोबर हलायला लागतात, आणि हलणाऱ्या हातांना हलणारी माती कधीच सरळ करता येत नाही. हात जागच्या जागी थांबवायचे, म्हणजे माती फिरून त्यांच्यापाशी येते आणि आपणहून गोल होते. त्यासाठी डावं कोपर मांडीत किंवा कमरेत रुतवायचं, पाठ थोडी पुढे, आणि जोर मनगटातून न काढता अंगाच्या वजनातून द्यायचा. माझं मनगट पहिल्या तासातच दुखायला लागलं तेव्हा ताईंनी माझं स्टूल दोन इंच खाली केलं, चाकाच्या जवळ ओढलं आणि कोपर मांडीवर दाबून दिलं. दुखणं थांबलं. मनगट दुखणाऱ्यांनी हे वाचत असाल तर सांगते, आठ आठवड्यांत ते मला पुन्हा त्रासदायक झालं नाही. मनगट दुखलं की मी समजून घ्यायचे की बसणं चुकलंय.

मला ही गोष्ट कळली ती माझ्याच मशीनमुळे. नवीन मुलगी शिवायला बसते तेव्हा ती कापड मागून ओढते. तिला सांगावं लागतं: कापड ओढू नकोस, खालचे दात त्याला पुढे नेतात, तू फक्त दिशा दे. ओढलंस तर सुई वाकते. चाकावर तीच गोष्ट, फक्त उलट्या बाजूने मी विद्यार्थिनी होते. मी हे ताईंना सांगितलं तेव्हा त्या फार खूश झाल्या, आणि पुढच्या आठवड्यात त्यांनी ते शिवणयंत्राचं उदाहरण सगळ्यांना सांगितलं.

गोळा दोन्ही हातांनी दाबत शंकूसारखा उंच करायचा आणि मग तळव्याने खाली दाबून परत बसका करायचा, असं तीन-चारदा. मातीचे कण पत्र्यासारखे चपटे असतात, आणि या वर-खाली करण्याने ते एका दिशेत लागतात, असं ताईंनी सांगितलं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी त्यांनी आम्हाला डोळे मिटायला लावले. डोळे उघडे असले की आपण चाकाच्या कडेकडे बघतो आणि माती हलते की नाही ते नजरेने ठरवतो. डोळे मिटल्यावर तळहाताखाली एक बारीक ठेच प्रत्येक फेऱ्याला लागते. ती ठेच हळूहळू मऊ होते, मग नाहीशी होते, आणि हाताखाली फक्त फिरणं उरतं, जणू काही फिरतच नाहीये. त्या क्षणी मला जे वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. मी डोळे उघडले नाहीत, बराच वेळ.

आमच्यातला एक जण डावखुरा होता. युरोप-अमेरिकेत चाक बहुतेक घड्याळाच्या उलट दिशेने फिरवतात, जपानमध्ये परंपरेने घड्याळाच्या दिशेने. विजेच्या बहुतेक चाकांना दिशा बदलण्याचं बटण असतं. ताईंनी त्याला दोन्ही दिशांनी एकेक तास बसवलं आणि निवड त्याच्यावर सोपवली. त्याने आमच्यापेक्षा उलटी दिशा घेतली आणि चौथ्या आठवड्यात आमच्या सगळ्यांत उंच भिंत त्याची होती. 'सगळे असंच करतात' असं त्याला कुणी सांगितलं नाही, म्हणून हे जमलं.

भोक पाडणं आणि तळ उघडणं मला सोपं गेलं. तळ साधारण एक सेंटिमीटर जाड ठेवायचा. खात्रीसाठी सुईचं हत्यार मातीत टोचायचं आणि ती किती आत गेली ते बोटाने धरून मोजायचं. टाचण्यांनी काम करणाऱ्या बाईला ही पद्धत लगेच पटते. तळ उघडल्यावर त्यावरून बोटं किंवा रिब, म्हणजे चपटी पट्टी, दोन-तीनदा दाबून फिरवायची, हेही सांगितलं होतं. मी घाईत दोनदा ते केलं नाही. त्या दोन्ही वाडग्यांच्या बुडाला वाळताना इंग्रजी 'एस'च्या आकाराची चीर पडली. तळाची माती दाबली गेली नाही तर ती भिंतीपेक्षा जास्त आकसते आणि मधे फाटते. ताईंनी ते दोन्ही वाडगे टाकू दिले नाहीत. फळीवर उलटे ठेवून सगळ्यांना दाखवले आणि विचारलं, "इथे कोणता हात चुकला?" मला लाज वाटली नाही, कारण त्या आदल्या आठवड्यात स्वतःचं तडा गेलेलं भांडंही असंच दाखवून गेल्या होत्या.

आता तक्रार. ताईंच्या हाताखाली एक मदतनीस असतात. काम उत्तम येतं त्यांना, स्वभावही मायाळू. पण तुमची भिंत कोसळायला लागली की त्या धावत येतात आणि न विचारता दोन बोटांनी सावरून देतात. भांडं वाचतं, पण ते का कोसळत होतं हे आपल्याला कळत नाही. चौथ्या आठवड्यात माझं एक नळकांडं झुकायला लागलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, "थांबा हो, पडू दे." त्या थांबल्या आणि भिंत पडली. मला दिसलं की माझा आतला हात बाहेरच्या हातापेक्षा वर गेला होता. मदतनीस बाईंनी नंतर स्वतः येऊन विचारलं, "पुढच्या वेळी हात लावू का?" तेव्हापासून त्या सगळ्यांना आधी विचारतात. तुम्हीही स्पष्ट सांगा, संकोच करू नका.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात ट्रिमिंग, म्हणजे भांडं अर्धवट वाळल्यावर उलटं ठेवून बुडाची जादा माती कोरून काढणं. या अवस्थेला लेदर हार्ड म्हणतात. माती चामड्यासारखी झालेली असते, आकार बदलत नाही पण हत्याराने सहज कापली जाते. जास्त ओली असेल तर हत्याराला चिकटते, जास्त वाळली तर भुकटी होते. ही वेळ कधी येते हे हवेवर अवलंबून असतं. दमट हवेत दोन दिवस लागतात, कोरड्या हवेत एका दुपारीत निसटते. आठवड्यातून एकदाच येणाऱ्या माणसाला ती वेळ पकडणं अवघड, म्हणून स्टुडिओवाले तुमची भांडी प्लॅस्टिकखाली झाकून ठेवतात आणि रोज पाहतात. ही अदृश्य मेहनत आहे आणि तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. माझी फक्त एक वाटी जास्त वाळली.

ट्रिमिंगमध्ये मी रमले. लूपच्या, म्हणजे तारेच्या कड्याच्या, हत्याराखालून मातीची लांब, सलग फीत निघते, अगदी कापडाच्या कडेची पट्टी सुटते तशी, आणि भांड्याखालून एक नीट कड बाहेर येते. भांडं बोटाने थोपटलं की आवाजावरून जाडी कळते. जाड तळाचा आवाज बद्द, पातळ व्हायला लागला की मोकळा. 'कच्चं मडकं' हा शब्द आयुष्यभर वापरला, पण तो थोपटून ओळखतात हे हातांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ताईंनी भिंतीवर एका कुंभार बाईंचं छायाचित्र लावलेलं आहे, आणि मी शिवणकाम करते म्हटल्यावर त्यांनी मुद्दाम तिच्याबद्दल सांगितलं. लूसी री. जन्म व्हिएन्नाचा, 1902 सालचा. 1938 मध्ये नाझी राजवटीमुळे देश सोडून लंडनला आली. युद्धाच्या काळात तिने कपड्यांसाठी मातीची बटणं केली, कपडे शिवणाऱ्यांच्या कापडाशी रंग जुळवून. त्या रंग जुळवण्यातून ग्लेझबद्दलची, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाबद्दलची, तिची समज वाढली, असं ताईंचं म्हणणं. पुढे 1995 पर्यंतच्या आयुष्यात तिने जी पातळ, नाजूक काठाची भांडी केली त्यांनी तिचं नाव झालं. हे ऐकल्यावर घरी येऊन मी माझा बटणांचा डबा उघडून बसले. असं सहज बोलता बोलता जोडून देणं हे या शिक्षिकेचं वैशिष्ट्य आहे. इतिहासाचा वेगळा तास त्या घेत नाहीत.

आकसण्याबद्दल मी स्वतः मोजमाप ठेवलं, सवयच आहे. कापड पहिल्या धुण्यात आटतं म्हणून आम्ही आधी भिजवून घेतो. मातीचं आकसणं टाळता येत नाही, फक्त हिशेबात धरता येतं. माझा एक सरळ पेला चाकावरून उतरवला तेव्हा 12 सेंटिमीटर उंच होता. पूर्ण वाळल्यावर 11.3. पहिल्या भाजणीनंतर जवळपास तेवढाच, 11.2. ग्लेझच्या भाजणीनंतर 10.5. म्हणजे साडेबारा टक्के गेला. आमच्या दगडी मातीला, म्हणजे स्टोनवेअरला, हे स्वाभाविक आहे. म्हणून हातात बरोबर मावणारा पेला हवा असेल तर चाकावर तो जरा मोठाच वाटला पाहिजे. माझे पहिले दोन पेले यामुळे फार लहान झाले आणि आता त्यांत सुया आणि खडू राहतात.

पहिली भाजणी, म्हणजे बिस्क, सुमारे 1000 अंश सेल्सिअसला होते. भांडं कडक होतं पण पाणी शोषतं, त्यामुळे ग्लेझ त्यावर बसतं. दुसरी भाजणी इथे 1220 ते 1240 अंशांच्या आसपास. तेवढ्या उष्णतेत ग्लेझ वितळून काच होते. काच म्हणजे मुळात सिलिका, वाळूत असते तीच, पण शुद्ध सिलिका वितळायला 1700 अंशांच्या वर जावं लागतं; म्हणून त्यात वितळायला मदत करणारे पदार्थ घालतात, आणि ती वितळून ओघळून जाऊ नये म्हणून अ‍ॅल्युमिना. भट्टीत छोटे मातीचे शंकू ठेवलेले असतात, ठरलेल्या उष्णतेला ते वाकतात. हर्मान झेगर या जर्मन रसायनतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकात ही युक्ती काढली. आकडा दाखवणारं यंत्र भट्टीला आहेच, तरी ताई शंकू ठेवतात, कारण यंत्र तापमान सांगतं आणि शंकू मातीने किती उष्णता घेतली ते सांगतो. वाकलेला शंकू त्यांनी आम्हाला हातात दिला.

माझ्या मते वर्गाची सर्वात कमकुवत बाजू इथेच आहे. ग्लेझला फक्त एक सत्र, त्यात चार बादल्या, चिमट्याने भांडं बुडवा, तीन सेकंद मोजा, काढा. बुडाला मेण लावा किंवा ओल्या स्पंजने ग्लेझ पुसा, नाहीतर भांडं भट्टीच्या फळीला कायमचं चिकटेल, एवढं नीट सांगितलं. पण जाड-पातळ थराने रंग कसा बदलतो, दोन ग्लेझ एकमेकांवर आले तर काय होतं, हे शिकवायला वेळच उरला नाही. माझ्या एका वाटीवर ग्लेझ जाड बसलं आणि ओघळून तळाशी थेंब गोठला. आठ आठवड्यांत सगळं येणार नाही हे कळतं. तरी मी सेंटरिंगचे दोन आठवडे तसेच ठेवून एकूण वर्ग दहा आठवड्यांचा केला असता.

आणि भट्टीची वाट. शेवटच्या सत्रानंतर माझी भांडी हातात यायला पाच आठवडे लागले. भट्टी पूर्ण भरल्याशिवाय लावत नाहीत, हे योग्यच आहे, अर्धी भट्टी भाजणं म्हणजे उष्णता वाया. त्यातही तापायला जितका वेळ, निवायलाही जवळपास तितकाच किंवा जास्त. आत शंभर अंशांच्या वर असताना दार उघडलं तर भांड्यांना तडे जाऊ शकतात. हे सगळं मान्य. पण पाच आठवड्यांत एकही निरोप आला नाही. मी दोनदा फोन केला तेव्हा "लागेल अजून" एवढंच कळलं. फळीवर कुणाची भांडी वाळली, कुणाची भाजली, याची यादी दाराला लावली तरी पुरेल. आठ आठवडे माणूस जीव लावून काहीतरी करतो, त्याला ते कुठे आहे हे कळायला हवं. हे मी त्यांना सांगितलं आहे, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं.

बिस्कच्या भाजणीत आमच्यापैकी एकीची जाड बुडाची फुलदाणी फुटली. तिच्या बुडात ओल राहिली होती. एक बारीक तुकडा उडून माझ्या पेल्याच्या काठाला लागला आणि काठाचा टवका उडाला. ती माझी माफी मागत होती, आणि मला तिचंच वाईट वाटत होतं. तिने त्या फुलदाणीवर तीन सत्रं घालवली होती. ताईंनी तिला लगेच नवीन गोळा दिला आणि त्या दिवशी स्वतः तिच्या शेजारी बसल्या.

स्वच्छतेबद्दल दोन शब्द, कारण ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांना हे महत्त्वाचं वाटेल. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि वर्षानुवर्षं ती श्वासातून गेली तर फुप्फुसांना कायमची इजा होते. म्हणून इथे झाडू नाहीच. प्रत्येक सत्राच्या शेवटी सगळ्यांनी आपापलं चाक, ओटा आणि जमीन ओल्या फडक्याने पुसायची. वाळलेलं भांडं घासायचं असेल तर ओल्या स्पंजने. हा नियम पाळला जातो की नाही हे कोणत्याही स्टुडिओत शिरताच जमिनीकडे पाहून कळतं. पांढरट धूळ बसलेली दिसली तर मी तिथे नाव देणार नाही.

ज्यांना एका संध्याकाळी एक सुंदर वस्तू करून न्यायची आहे त्यांच्यासाठी हा वर्ग नाही, आणि त्यात गैर काही नाही, तशा जागा आहेत. ज्यांना हातांनी काहीतरी पहिल्यापासून शिकायचं आहे आणि दोन आठवडे हाती काहीच न लागण्याची तयारी आहे, त्यांनी अवश्य जावं. वय आड येत नाही. आमच्यात सर्वात मोठ्या आजी बहात्तर वर्षांच्या होत्या, आणि त्यांचे हात सर्वात स्थिर होते. जाताना नखं कापून जा, लांब नखांनी काठ फाटतो. जुना टॉवेल न्या. अंगठ्या घरी ठेवा. पहिल्या आठवड्यात खांदे दुखतील, तेही बसण्यामुळे. स्टूल खाली करून मागा.

पाचपैकी मी साडेचार देईन. अर्धा त्या न आलेल्या निरोपासाठी गेला.

पुढच्या सत्रात झाकणाचं भांडं शिकवतात. झाकण आणि भांडं एकाच दिवशी, एकाच गोळ्यातल्या मातीचं करायचं, एकत्रच वाळवायचं, कारण दोन्ही सारखी आकसली नाहीत तर बसणार नाहीत, हे ताईंनी आत्ताच सांगून ठेवलंय. मी नाव दिलं आहे, आणि झाकण-तोंडाची रुंदी मोजायला कॅलिपर विकत घेतला आहे.